नगरीचा दिवा : जोसेफ चेंबरलेन

चेंबरलेन हे आडनाव उच्चारले की इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे उभे राहतात ते १९३८ साली म्युनिचहून शांततेचा कागद हाती घेऊन परतलेले पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन. त्यांचे वडील जोसेफ चेंबरलेन हे मात्र आपल्याकडे परीक्षेपुरते, बोअर युद्धाच्या प्रकरणातल्या एका नावापुरतेच उरले आहेत. या माणसाने एका शहराचा गॅसचा कारखाना लोकांच्या मालकीचा केला, त्याच्या नफ्यातून नगरीचा कायापालट करण्याचा मार्ग दाखवला आणि शहराचा दिवा कुणाच्या मालकीचा असावा, असा एक साधा पण खोल प्रश्न जगापुढे ठेवला. हा प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणूनच त्यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

जोसेफ चेंबरलेन यांचा जन्म लंडनच्या कॅम्बरवेल भागात ८ जुलै १८३६ रोजी झाला. वडिलांचा जोडे तयार करण्याचा धंदा होता. घराणे युनिटेरियन पंथाचे, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचे. अशा घरातील मुलांना त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे जवळजवळ बंदच होती. जोसेफ अभ्यासात हुशार होते, पण सोळाव्या वर्षी त्यांचे शिक्षण संपले आणि ते वडिलांच्या धंद्यात बसले. पुढे ज्याने एक विद्यापीठ उभे केले, त्याला स्वतःला विद्यापीठाची पायरी चढता आली नव्हती.

अठराव्या वर्षी, १८५४ मध्ये, ते बर्मिंगहॅमला आले. तेथे त्यांचे नातलग नेटलफोल्ड यांचा स्क्रू तयार करण्याचा कारखाना होता. अमेरिकेतून नव्या यंत्राचे हक्क घ्यायचे होते, त्यासाठी जोसेफ यांच्या वडिलांनी भांडवल घातले आणि त्या भांडवलावर नजर ठेवायला मुलाला पाठवले. मुलाने नुसती नजर ठेवली नाही. हिशेब, विक्री, बाजारपेठ हे सारे त्याने हातात घेतले. वीस वर्षांत हा कारखाना इंग्लंडमधील स्क्रूच्या धंद्यावर जवळजवळ एकछत्री सत्ता गाजवू लागला. लहान कारखानदार त्यात बुडाले, हेही नमूद केले पाहिजे. १८७४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, चेंबरलेन भरपूर संपत्ती गाठीशी बांधून धंद्यातून निवृत्त झाले. धंद्यातील मक्तेदारीचे बळ त्यांनी आतून अनुभवले होते आणि हा अनुभव पुढे गॅसच्या प्रकरणात कामी आला.

त्या काळचे बर्मिंगहॅम कसे होते? साडेतीन लाखांच्या आसपास वस्ती, हजारो लहानमोठे कारखाने, धुराने काळवंडलेले आकाश, गल्लीबोळांत दाटीवाटीने राहणारे मजूर आणि सांडपाण्याने नासलेल्या विहिरी. नगरपालिका होती, पण ती काटकसरीलाच धर्म मानणाऱ्या लहान व्यापाऱ्यांच्या हाती होती. एके काळी नगरपित्यांची खरी खलबते एका मद्यगृहात चालत, अशी त्या नगरपालिकेची ख्याती होती. कर वाढवायचा नाही आणि म्हणून काही करायचेही नाही, असा एकूण खाक्या.

याच शहरात जॉर्ज डॉसन आणि आर. डब्ल्यू. डेल यांच्यासारखे धर्मोपदेशक एक वेगळा विचार सांगत होते. शहर म्हणजे केवळ घरांची गर्दी नव्हे, शहराची सेवा हाही धर्मच आहे आणि सुशिक्षित, सधन माणसांनी नगरपालिकेचे काम हलके मानू नये, असे त्यांच्या शिकवणुकीचे सार होते. चेंबरलेन यांच्या मनावर याचा खोल परिणाम झाला. सर्वांना शिक्षण मिळावे यासाठीच्या चळवळीत ते पुढे आले, १८६९ मध्ये नगरपालिकेवर निवडून गेले आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये बर्मिंगहॅमचे महापौर झाले.

महापौर होताच त्यांनी पहिला हात घातला तो गॅसला. आजच्या वाचकाला गॅस म्हटले की स्वयंपाकघर आठवते, परंतु त्या काळी गॅस म्हणजे प्रामुख्याने उजेड. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवला की त्यातून वायू निघतो. तो थंड करून, धुऊन, चुन्यासारख्या द्रव्यांतून शुद्ध करून मोठ्या लोखंडी टाक्यांत साठवत आणि जमिनीखालच्या नळांतून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत व घराघरांत पोचवत. मागे उरलेला कोक जळणाला आणि डांबर इतर उद्योगांना उपयोगी पडे. योगायोग असा, की या विद्येचा एक आद्य प्रणेता विल्यम मर्डॉक हा बर्मिंगहॅमजवळच्याच बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यात काम करीत होता आणि १८०२ मध्ये त्या कारखान्याच्या दर्शनी भागावर गॅसचा प्रकाश झळकला होता.

शहरात गॅस पुरवणाऱ्या कंपन्या होत्या दोन : बर्मिंगहॅम गॅस लाइट अँड कोक कंपनी आणि बर्मिंगहॅम अँड स्टॅफर्डशायर गॅस लाइट कंपनी. दोघींनाही पार्लमेंटच्या कायद्याने रस्ते खोदून नळ घालण्याचा अधिकार मिळालेला. एकाच रस्त्यात दोघींचे नळ, दोनदा खोदकाम, दोनदा खर्च आणि तो सारा ग्राहकाच्या माथी! स्पर्धेमुळे भाव उतरतात हे अर्थशास्त्राचे सूत्र आपण वर्गात शिकतो. जेथे रस्त्याखाली नळांचे जाळे घालावे लागते, तेथे हे सूत्र लंगडे पडते. दुसरे जाळे घालणे म्हणजे नुसती उधळपट्टी, आणि एकच जाळे ठेवले तर ते ज्याच्या हाती त्याची मक्तेदारी. मक्तेदारी अटळच असेल तर ती भागधारकांच्या हाती असावी की नागरिकांच्या, एवढाच प्रश्न उरतो. चेंबरलेन यांनी तो नेमका हेरला.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी दोन्ही कंपन्या विकत घेण्याची योजना नगरपालिकेपुढे मांडली. किंमत जवळजवळ वीस लाख पौंड. नगरपालिकेच्या डोक्यावर आधीच असलेल्या कर्जाच्या कितीतरी पट हा आकडा होता. काटकसरवाल्यांचे डोळेच पांढरे झाले. चेंबरलेन यांनी मुरलेल्या व्यापाऱ्याच्या थाटात हिशेब मांडला. नगरपालिकेची पत मोठी, म्हणून तिला कर्ज स्वस्तात मिळेल. दोन कारभार एक झाले की खर्च वाचेल. कंपनीचा नफा भागधारकांच्या खिशात जातो, तो शहराच्या तिजोरीत येईल. हाच धंदा आपल्याला खाजगीरीत्या करायला मिळाला तर आपण तो आनंदाने करू आणि त्यावर श्रीमंत होऊ, असेही त्यांनी सभेला ऐकवले. हा प्रयोग काही जगावेगळा नव्हता. मँचेस्टरमध्ये गॅस पहिल्यापासून सार्वजनिक मालकीचा होता आणि त्याच्या नफ्यातून शहराची कामे होत होती. बर्मिंगहॅममध्ये नवे होते ते त्यामागचे नेतृत्व आणि तडफ.

नगरपालिकेने योजना प्रचंड बहुमताने मान्य केली. पुढे करदात्यांची संमती आणि पार्लमेंटचा कायदा हे सोपस्कार व्हायचे होते. नेमक्या याच काळात, फेब्रुवारी १८७५ मध्ये, चेंबरलेन यांच्यावर आकाश कोसळले. त्यांची पहिली पत्नी हॅरिएट १८६३ मध्ये थोरला मुलगा ऑस्टिन याच्या जन्माच्या वेळी वारली होती. आता दुसरी पत्नी फ्लॉरेन्स हीही बाळंतपणातच गेली, नवजात अर्भकही गेले. घरात दोघींची मिळून सहा मुले. चेंबरलेन सारे सोडून देण्याच्या विचारात होते. सहकाऱ्यांनी त्यांना जाऊ दिले नाही. त्यांनीही दुःख गिळून स्वतःला कामात जुंपले. १८७५ मध्ये कायदा झाला आणि गॅस शहराचा झाला. पहिल्याच वर्षी सुमारे ३४,००० पौंड नफा झाला आणि पुढील वर्षांत गॅसचे दरही उतरवता आले.

यानंतर पाण्याचा क्रम लागला. खाजगी जलपुरवठा कंपनी साडेतेरा लाख पौंडांना घेतली गेली. येथे चेंबरलेन यांनी एक भेद केला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. गॅसवर नफा घ्यावा, पाण्यावर घेऊ नये, असे त्यांचे मत होते. त्या काळी गॅस जाळी तो मुख्यतः दुकानदार, कारखानदार आणि सुस्थितीतला गृहस्थ. त्याने चार पैसे जास्त दिले आणि त्यातून शहर सुधारले तर बिघडत नाही. पाणी मात्र गरिबालाही हवे आणि ते न मिळाले तर रोगराई साऱ्या शहरात पसरते. म्हणून सार्वजनिक मालकी म्हणजे सरसकट नफा नव्हे आणि सरसकट तोटाही नव्हे. वस्तू पाहून न्याय करावा लागतो.

गॅसच्या पैशातून काय उभे राहिले? सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शहराचे वस्तुसंग्रहालय व कलादालन. ग्रंथालयाच्या कायद्याने करातून पौंडामागे एक पेनीपेक्षा जास्त खर्च करण्यास बंदी होती. तेवढ्यात कलादालनाची इमारत होणे शक्य नव्हते. तेव्हा गॅस समितीने युक्ती काढली. तिला स्वतःच्या कचेऱ्या हव्याच होत्या. त्या खाली बांधल्या आणि वरच्या मजल्यावर कलादालन! १८८५ मध्ये ते खुले झाले. उद्योगाच्या लाभातून कलेची जोपासना केली जाते, अशा अर्थाचा लेख तेथे कोरलेला आहे. जेथे नागरिक गॅसची बिले भरीत, त्या गॅस हॉलमध्येही पुढे प्रदर्शने भरू लागली. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या इमारतीची गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

या उजेडाला सावलीही होती. गलिच्छ वस्ती पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा भव्य रस्ता काढण्याची योजना चेंबरलेन यांच्याच कारकिर्दीतली. रस्ता झाला, दुकाने झाली, शहराची शान वाढली. ज्यांची घरे पाडली त्या गरिबांना त्या प्रमाणात नवी घरे मात्र मिळाली नाहीत. ते शेजारच्या दाट वस्तीत जाऊन अधिकच दाटले. नगरसुधारणेच्या नावाखाली असे पुढेही अनेक शहरांत घडले आहे.

१८७६ मध्ये चेंबरलेन पार्लमेंटमध्ये गेले. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात व्यापारमंत्री झाले. आयर्लंडच्या स्वराज्याला विरोध करून १८८६ मध्ये त्यांनी लिबरल पक्षात फूट पाडली आणि १८९५ ते १९०३ वसाहतमंत्री म्हणून साम्राज्यवादाचे खंदे पुरस्कर्ते झाले. एका डोळ्यावर काच आणि कोटाला ऑर्किडचे फूल ही त्यांची मूर्ती व्यंगचित्रांतून जगभर गेली. बोअर युद्धाची जबाबदारी त्यांच्यावरही येते. १९०२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांच्यापुढे हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी मुंबईत वकिली करणाऱ्या एका तरुण बॅरिस्टरला तार करून बोलावून घेण्यात आले. ते बॅरिस्टर म्हणजे मोहनदास गांधी. चेंबरलेन यांनी शिष्टमंडळाची थंडपणे बोळवण केली. स्वयंशासित वसाहतींवर आपला फारसा ताबा नाही, तेथील गोऱ्यांशी जुळवून घ्या, असा त्यांचा सूर होता. बर्मिंगहॅमच्या नागरिकाला दिवा आणि पाणी हा हक्क म्हणून देणाऱ्या माणसाला समुद्रापलीकडचा काळा नागरिक दिसलाच नाही!

१९०० मध्ये त्यांच्या प्रयत्नांनी बर्मिंगहॅम विद्यापीठ स्थापन झाले आणि ते त्याचे पहिले कुलपती झाले. १९०६ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. उरलेली वर्षे त्यांनी विकल अवस्थेत काढली आणि २ जुलै १९१४ रोजी, महायुद्धाच्या तोंडावर, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील दफनाचा मान घरच्यांनी नाकारला आणि त्यांचा देह त्यांच्या आवडत्या बर्मिंगहॅमच्या भूमीतच विसावला.

त्यांच्या गॅस कारखान्याचे पुढे काय झाले? १९४९ मध्ये ब्रिटनमधील गॅसचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बर्मिंगहॅमचा गॅस शहराच्या हातून निघून प्रादेशिक मंडळाकडे गेला. १९७३ मध्ये अशी सारी मंडळे ब्रिटिश गॅस या एकाच महामंडळात विलीन झाली. १९८६ मध्ये ते महामंडळच भाग विकून खाजगी करण्यात आले. खाजगी, नागरी, राष्ट्रीय आणि पुन्हा खाजगी असे चक्र पुरे झाले. याच ब्रिटिश गॅसने १९९५ मध्ये आपल्या गेल या सरकारी कंपनीबरोबर मुंबईत महानगर गॅस कंपनी उभी केली. महाराष्ट्र शासनाचाही तीत वाटा ठेवला गेला. पुढे परदेशी भागीदाराने आपला भाग विकला. ज्या मुंबईत १८६० नंतरच्या दशकात खाजगी कंपनीच्या गॅसबत्त्या रस्त्यावर लागल्या, तेथे घराघरांत नळाने गॅस आला तो असा.

चेंबरलेन समाजवादी नव्हते; ते नफा ओळखणारे कारखानदार होते. म्हणूनच त्यांचा धडा मोलाचा वाटतो. सार्वजनिक मालकी चालवायची तर खाजगी धंद्याइतकाच चोख हिशेब लागतो आणि तो हिशेब नागरिकांपुढे उघडा ठेवावा लागतो, हे त्यांनी करून दाखवले. आपल्या गावातले पाणी, वीज, गॅस आणि वाहने कुणाच्या मालकीची आहेत, त्यांचा नफा कुठे जातो आणि तोटा कोण सोसतो, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले आहे? उद्या नागरिक म्हणून जगायचे असेल, तर हा प्रश्न विचारायला आजच, महाविद्यालयातच, शिकले पाहिजे.