दोन अल्बम आणि एक फ्रेडी

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये दोनच गोष्टी होतात. एक म्हणजे जर्नल कॉपी करणं, आणि दुसरी म्हणजे जर्नल सोडून बाकी कशावरही वाद घालणं. आमच्या रूममध्ये दुसरी गोष्ट जरा जास्तच होते. त्या रात्रीचा विषय होता : क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा सर्वांत भारी अल्बम कुठला? रूममेटचं उत्तर 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा', सन १९७५. माझं उत्तर 'इन्युएन्डो', सन १९९१.

वाद दीड तास चालला. शेवटी तिने ब्रह्मास्त्र काढलं. तिचं म्हणणं असं की मला 'इन्युएन्डो' आवडतच नाही. मला आवडते ती त्यामागची स्टोरी. गायक मरणाच्या दारात होता हे माहीत असल्यामुळे मला रडू येतं, आणि त्या रडण्यालाच मी संगीत समजते. उद्या कोणी ती गोष्ट लपवून तोच अल्बम ऐकवला तर मी ढुंकूनही बघणार नाही.

आरोप झोंबला राव! खरं असेल तर? मी खरंच गाणी ऐकते की सहानुभूती? मग सुट्टीत फ्रेडी मर्क्युरीचं आयुष्य पहिल्यापासून वाचून काढलं. तेच इथे सांगते. (मी पक्की कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती.)

फ्रेडीचं जन्माचं नाव फारोख बुल्सारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. आई-वडील जेर आणि बोमी हे मूळचे गुजरातचे पारशी. आडनावसुद्धा बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते.

आता जरा कान टवकारा. आठ वर्षांच्या फारोखला शिकायला पाठवलं ते कुठे? लंडनला नाही, आपल्या पाचगणीला! सेंट पीटर्स स्कूल, बोर्डिंग. मी सहावीत असताना आमच्या शाळेची सहल पाचगणीला गेली होती. टेबललँडवर घोड्यावर बसलो, स्ट्रॉबेरी खाल्ली, परत आलो. जगातला एक सर्वांत मोठा गायक याच गावात पियानो शिकला हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

आई-वडील समुद्रापलीकडे आणि मूल आठ वर्षांचं. अठराव्या वर्षी हॉस्टेलला आल्यावर आपण पहिला आठवडा कसा काढला ते आठवा, म्हणजे अंदाज येईल. तिथे तो बॉक्सिंग खेळला, टेबल टेनिस खेळला, चित्रं काढली. मित्रांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली ती तिथेच. बाराव्या वर्षी चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवायची. गंमत म्हणजे मुख्य गायक दुसराच होता, फ्रेडी पियानोवर!

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. बुल्सारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आलं आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम इथे राहू लागलं. वय १७, देश नवा, खिसा रिकामा. फ्रेडीने हीथ्रोवर सामान उचलायचं काम केलं. ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला. रॉजर टेलर या मित्राबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये कपड्यांचा स्टॉल लावला. मधूनमधून छोट्या बँडमध्ये गायचा.

१९७० मध्ये रॉजर आणि ब्रायन मे यांच्या बँडचा गायक सोडून गेला आणि फ्रेडी त्यांना येऊन मिळाला. बँडचं 'क्वीन' हे नाव त्याचंच, चौघांच्या राशींची चिन्हं घालून काढलेला लोगोही त्याचाच, आणि 'मर्क्युरी' हे आडनावही त्याने स्वतःच घेतलं. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

इंजिनिअर मंडळींसाठी खास माहिती. ब्रायन फिजिक्सवाला, त्याने आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली होती, त्यात जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं होतं. जॉन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्याने कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डपासून एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि तो पुढे क्वीनच्या रेकॉर्डवर वाजला. आपल्या मिनी प्रोजेक्टचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. असो!

फ्रेडीच्या तोंडात जास्तीचे चार दात होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. शाळेत त्यावरून चिडवायचे. पुढे पैसा आला तरी त्याने ते काढले नाहीत, आवाज बदलेल अशी भीती वाटायची म्हणून. चार लोकांत हसताना तो ओठांवर हात धरायचा. स्टेजवर लाखभर लोकांना नाचवणारा हा माणूस स्टेजखाली इतका लाजाळू होता.

आता रूममेटचा अल्बम. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' नोव्हेंबर १९७५ मध्ये आला. त्यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' फ्रेडीचं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद, आणि कोरस जवळपास नाहीच. मधला ऑपेराचा भाग ऐकून वाटतं की पन्नास-शंभर माणसं गात आहेत. प्रत्यक्षात तिघंच : फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, २४ ट्रॅकची टेप होती. तिघं एक सूर गाणार, मग दुसरा, मग तिसरा. ट्रॅक भरले की सगळे मिसळून कमी ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं. पण टेप जितक्या वेळा हेडवरून फिरते तितकी झिजते. ही टेप इतकी झिजली की तिच्यातून उजेड आरपार दिसायला लागला. हे सगळं ज्याच्या डोक्यात आधीपासून तयार होतं तो माणूस कोण, तर पाचगणीचा पियानोवाला! गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्याच अल्बममध्ये 'लव्ह ऑफ माय लाइफ' आहे, आणि त्यात ब्रायनने हार्पचा एकेक कॉर्ड वेगळा वाजवून नंतर जोडला आहे. रूममेट या अल्बमवर फिदा का आहे ते मला पूर्ण कळतं.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १९७६ च्या सुमारास त्याने मेरी ऑस्टिनला, जिच्याशी लग्न ठरलं होतं तिला, स्वतःबद्दलचं खरं सांगितलं. लग्न मोडलं, पण मैत्री शेवटपर्यंत टिकली, आणि आपलं राहतं घर त्याने तिच्याच नावे केलं. १९८२ चा 'हॉट स्पेस' हा नाचायच्या गाण्यांचा अल्बम जुन्या चाहत्यांना अजिबात रुचला नाही. मग १३ जुलै १९८५, लाइव्ह एड, वेम्बली. मिळाली जेमतेम वीस मिनिटं, आणि तेवढ्यात क्वीनने सगळं स्टेडियम खिशात घातलं.

इथे एक दुरुस्ती. २०१८ च्या सिनेमात तो लाइव्ह एडच्या आधीच आपल्या आजाराबद्दल बँडला सांगतो. तसं घडलेलं नाही. एड्सचं निदान झालं १९८७ मध्ये. शेवटचा क्वीन कॉन्सर्ट त्याआधीच, ऑगस्ट १९८६ मध्ये, नेबवर्थला होऊन गेला होता. आज या आजारावर जी औषधं लागू पडतात ती मिळायला १९९६ उजाडावं लागलं. फ्रेडीकडे तेवढा वेळ नव्हता.

त्याने काय केलं? मोजक्या लोकांना सांगितलं आणि स्टुडिओत जाऊन बसला. 'इन्युएन्डो' अशा दिवसांत तयार झाला. त्यात साडेसहा मिनिटांचं शीर्षकगीत आहे, मध्येच स्पॅनिश गिटार आहे, आणि हो, लाडक्या मांजरीवर लिहिलेलं एक गाणंही आहे! शेवटचं 'द शो मस्ट गो ऑन' मुख्यतः ब्रायनने लिहिलं. त्यातले वरचे सूर फ्रेडीला झेपतील का अशी शंका त्यालाच होती. ब्रायनने नंतर सांगितलं ते असं, की फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन टाकलं.

आता माझा मुद्दा. 'इन्युएन्डो' बाजारात आला फेब्रुवारी १९९१ मध्ये, आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला. फ्रेडीने आपला आजार जगाला सांगितला २३ नोव्हेंबर १९९१ रोजी. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, तो गेला. वय ४५. म्हणजे पहिले नऊ महिने ज्यांनी तो अल्बम ऐकला त्यांना ती स्टोरी अधिकृतपणे कोणीच सांगितलेली नव्हती! सहानुभूती मिळवायची असती तर ती तेव्हाच मिळाली असती, फुकट आणि भरपूर. त्याने ती मागितलीच नाही.

हा युक्तिवाद मी विजयी मुद्रेने रूममेटसमोर मांडला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की तो वाळत चाललेला फोटोंत दिसत होता आणि पेपरवाले कुजबुजत होतेच. तेही खरं आहे. पण कुजबूज वेगळी आणि कळणं वेगळं, एवढं तिनेही मान्य केलं.

एक गोष्ट मात्र मला वाचताना लागली. माझ्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, त्यामुळे दोन नावांनी, दोन भाषांत जगणं मला थोडंफार कळतं. फारोखचा फ्रेडी झाला, पाचगणीबद्दल तो फारसा बोललाही नाही. तरी त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनीच केले. फारोख पूर्ण पुसला गेला नव्हता तर!

आणि शेवटी आमच्या वादाचा निकाल. तो आम्ही लावलाच नाही, आधीच लागलेला होता. फ्रेडी गेल्यावर डिसेंबर १९९१ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' पुन्हा बाजारात आलं आणि पुन्हा पहिल्या नंबरवर गेलं. पैसे एड्सच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला. ते डबल ए साइड सिंगल होतं, म्हणजे दोन्ही गाण्यांना सारखाच मान. दुसरं गाणं होतं 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'. ते 'इन्युएन्डो'मधलं!

एक तिच्या अल्बममधलं, एक माझ्या. एकच रेकॉर्ड. आम्ही एकेक इअरफोन कानात घालून दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली, एक शब्दही न बोलता.

जर्नल मात्र दोघींचंही अपूर्णच राहिलं.