मुरमाच्या रस्त्यावरची पॅट

मैत्रिणींनो, नव्याने पसरलेल्या खडीवरून स्कूटी घसरण्याचा अनुभव तुमच्यापैकी कितीजणींना आहे? मला आहे. मागच्या वर्षी आमच्या खर्ड्याजवळच्या एका वाडीवर बचत गटाच्या मीटिंगला निघाले होते. रस्त्यावर मुरूम टाकून वर बारीक खडी अंथरलेली, रोलर अजून फिरायचा होता. वळणावर घाबरून ब्रेक दाबला आणि मी आडवी. गुडघा फुटला, साडी फाटली, आणि वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. बायकांनी असल्या रस्त्याला गाडी काढूच नये, म्हणे. त्याच रस्त्यावर त्याच आठवड्यात दोन बाप्ये पडले होते, त्यांना कुणी काही बोललं नाही.

घरी आले तर मुलगा मोबाईलवर गाड्यांची रॅली बघत बसलेला. फिनलंड देशातली. जंगलातला खडीचा रस्ता, उंचवट्यावरून गाडी चक्क हवेत उडते, खाली येते आणि तशीच तिरपी होऊन वळणात शिरते. फुटलेला गुडघा धरून मी त्याला विचारलं, अशा रस्त्यावर बाई चालवते का रे कुणी? त्याने फ्रान्सच्या मिशेल मुटोंचं नाव सांगितलं. १९८१ मध्ये इटलीतल्या सानरेमोची रॅली जिंकून ती जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली जिंकणारी पहिली स्त्री ठरली. पण मला कुतूहल तिच्याही आधीचं. तिच्याआधी कोण? तिथे मला पॅट मॉस सापडली.

पॅटचा जन्म २७ डिसेंबर १९३४ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. वडील आल्फ्रेड दातांचे डॉक्टर, पण गाड्यांचं वेड इतकं की १९२४ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत उतरले होते. आई आयलीनही गाड्यांच्या स्पर्धांत भाग घ्यायची. थोरला भाऊ स्टर्लिंग मॉस तर पुढे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या शर्यतपटूंपैकी एक झाला. आता अशा घरातली मुलगी म्हटल्यावर तिला सगळं आयतंच मिळालं असणार, असं आपल्याला वाटेल. थोडं खरं आहे ते. पैसा होता, घोडे होते, भावाने अकराव्या वर्षीच तिला गाडी चालवायला शिकवली होती. पण भाऊ इतका मोठा असला की बहिणीची ओळख काय राहते, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको. स्टर्लिंगची बहीण. बस्स.

तिचं पहिलं प्रेम मात्र गाडी नव्हतं, घोडा होता. घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धांत ती इतकी तरबेज की ब्रिटिश संघात तिची निवड झाली. घोड्यावर बसणाऱ्याला पायाखालची जमीन बैठकीतूनच कळते, कुठे भुसभुशीत, कुठे कडक. मला वाटतं, पुढे खडीच्या रस्त्यावर तिला हेच कामी आलं असणार. आमच्या खर्ड्याच्या माळावर १७९५ साली मराठे आणि निजामाची लढाई झाली, तेव्हा किती घोडी धावली असतील! आणि अहिल्यादेवींची चौंडी तर आमच्याच जामखेड तालुक्यातली. घोड्यावर मांड ठोकणाऱ्या बायका आपल्या मातीला परक्या नाहीत.

१९५३ च्या सुमारास भावाच्या मॅनेजरने पॅटला एका रॅलीत नकाशा वाचायला शेजारी बसवलं. तिला ते आवडलं, पण शेजारी बसणं आवडलं नाही, चालवायचं होतं. लवकरच ती स्वतः चाकावर बसली. १९५५ मध्ये ब्रिटनच्या मोठ्या आरएसी रॅलीसाठी तिने एका मोटार कंपनीकडे फक्त खर्च मागितला. तो मिळाला नाही. दुसऱ्या कंपनीने खर्च दिलाच, शिवाय एमजी बनावटीची गाडीही दिली. पहिल्या कंपनीला नंतर किती हळहळ वाटली असेल, या विचाराने मला उगाच बरं वाटतं.

आता रॅली म्हणजे काय ते जरा सांगते, कारण मलाही नीट माहीत नव्हतं. गोल मैदानात सगळ्या गाड्या एकदम सुटतात ती शर्यत वेगळी. रॅलीत गाड्या एकेक करून, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात. शत्रू समोर दिसत नाही, लढाई घड्याळाशी. गाडीत दोघं असतात. एक चालवणार, दुसरा शेजारी बसून आधीच लिहून ठेवलेली वही वाचणार: पुढे डावं वळण, मग उंचवटा, मग उजवं, खड्डा. चालवणाऱ्याला उंचवट्यापलीकडचं काहीच दिसत नसतं. शेजारच्याच्या शब्दावर विश्वास ठेवून गाडी हवेत सोडायची. डांबरावर चाक रस्ता धरून ठेवतं, खडीवर धरत नाही. म्हणून वळण यायच्या आधीच गाडी मुद्दाम तिरपी करायची, मागचा भाग सरकू द्यायचा आणि त्या घसरण्यातूनच वळायचं. मी ज्या घसरण्याला घाबरून ब्रेक दाबला, तेच घसरणं ही माणसं हत्यारासारखं वापरतात! पहिल्या गाड्या सुटी खडी बाजूला उडवतात, त्यामुळे मागून येणाऱ्यांना घट्ट रस्ता मिळतो. पण वाटेत धूळ लोंबकळत असेल तर मागच्याला काही दिसत नाही. तोच रस्ता दर गाडीला वेगळा. फिनलंडच्या रॅलीत तर सरासरी वेगच ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो. आपल्याकडेही नाशिकजवळच्या कच्च्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या आहेत.

बघणाऱ्यांचं वेडही समजण्यासारखं आहे. पहाटेपासून डबे बांधून जंगलात जाऊन उभं राहायचं, आधी लांबून आवाज, मग झाडांमागे धुरळा, मग चार-पाच सेकंद गाडी दिसते आणि गेली. एवढ्यासाठी? पण आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला घाटाच्या कडेला उन्हात तासन् तास उभी राहणारी माणसं काय वेगळं करतात? तिथेही बारी काही सेकंदांचीच. २०१४ ची बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठली तेव्हा गावोगावचे चेहरे मी पाहिलेत. फक्त एक सांगते, वळणाच्या बाहेरच्या बाजूला पोरांना उभं राहू देऊ नका, मग गाडा असो की गाडी. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक गेले होते.

पॅटकडे वळू. तिच्या शेजारी वही घेऊन बसायची ती तिची मैत्रीण ॲन विझडम. तिचेही आईवडील दोघं शर्यतीतले. या दोघींची जोडी म्हणजे सासर-माहेर दोन्ही गाड्यांचंच म्हणा ना. १९५८ मध्ये पॅटला युरोपातलं स्त्रियांचं रॅली अजिंक्यपद मिळालं. असं ते तिने पाच वेळा मिळवलं: १९५८, १९६०, १९६२, १९६४ आणि १९६५. त्या काळी रॅलींत बायकांसाठी वेगळा चषक असायचा. चांगलीच सोय, पण त्यात एक खोच होती. बाईने त्या चषकावर समाधान मानावं, खऱ्या बक्षिसाकडे बघू नये, असा त्याचा न बोललेला अर्थ. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात संगीत खुर्ची ठेवतात आणि ग्रामसभेत मागे बसवतात, तसं.

तो अर्थ मोडला १९६० साली. बेल्जियममधल्या लिएज गावातून निघणारी लिएज-रोम-लिएज ही रॅली त्या काळातली सगळ्यात निर्दय समजली जायची. आल्प्सचे घाट, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले दगडगोट्यांचे कच्चे रस्ते, आणि परत. जवळजवळ पाच हजार किलोमीटर, चार दिवस आणि चार रात्री. मुक्काम असा नाहीच. बसल्या जागी डुलकी लागली तर तीच झोप. पॅटची गाडी ऑस्टिन-हीली ३०००. दिसायला देखणी, पण जमिनीला टेकलेली, जड, आणि आत भट्टीसारखी तापणारी. अशी गाडी त्या रस्त्यांवर! ऐंशीच्या वर गाड्या सुटल्या, शेवटपर्यंत पोचल्या तेरा. आणि त्या तेरांत पहिली कोण, तर पॅट आणि ॲन. स्त्रियांत पहिल्या नाही, सगळ्यांत पहिल्या. एवढी मोठी आंतरराष्ट्रीय रॅली बाईने जिंकल्याची ती पहिलीच वेळ. पॅट तेव्हा पंचवीस वर्षांची होती. पंचविशीत मी काय करत होते ते आठवलं आणि हसू आलं. थोरल्याची दूधबाटली उकळत होते. तेही काही सोपं नव्हतं, पण असो.

पुढच्या वर्षी, १९६१ ला, आरएसी रॅलीने आपलं रूपच बदललं. सरकारी जंगलांतले लाकूड वाहतुकीचे खडीचे रस्ते पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ब्रिटनमध्ये खऱ्या वेगवान खडीच्या रॅलीची सुरुवात तिथूनच मानतात. त्या पहिल्याच जंगल-रॅलीत पॅट आणि ॲन दुसऱ्या आल्या. पहिला आला स्वीडनचा एरिक कार्लसन. धिप्पाड माणूस, आणि गाडी मात्र साब नावाची एवढीशी. फिनलंडची रॅली त्याने १९५७ मध्येच जिंकली होती. छोट्या इंजिनाचा जोर कमी पडू नये म्हणून उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून न उचलता डाव्या पायाने ब्रेक मारायची त्याची पद्धत पुढे पुष्कळांनी उचलली. तर ज्याच्याकडून हरली त्याच्याशीच पॅटने १९६३ च्या जुलैमध्ये लग्न केलं. आपल्या सिनेमात असं असतं तर हिरोईनने शेवटी गाडी चालवणं सोडलं असतं. पॅटने सोडलं नाही. उलट दुसऱ्या वर्षापासून साबच्याच संघात, नवऱ्याच्या बरोबरीने चालवू लागली. दोघांनी मिळून गाडी चालवण्याच्या तंत्रावर पुस्तकही लिहिलं.

लग्नाआधीचं १९६२ चं साल तर फारच भरगच्च. आफ्रिकेतल्या सफारी रॅलीत, लाल मातीच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवर, पॅट आणि ॲन तिसऱ्या आल्या. मे महिन्यात हॉलंडची ट्यूलिप रॅली त्यांनी मिनी कूपर गाडीत जिंकली. मिनी ही चिमुकली गाडी पुढे रॅलीच्या जगात गाजली, पण तिला पहिला मोठा आंतरराष्ट्रीय विजय मिळवून दिला या दोघींनी. त्या वेळी ॲन गरोदर होती. त्यानंतर तिने रॅली थांबवली, आणि पॅटच्या शेजारी दुसऱ्या मैत्रिणी बसू लागल्या. ॲनला मागे वळून बघताना काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला. शेजारी बसणाऱ्याचं नाव नेहमी दुसरं येतं. पण वहीतलं एक वळण चुकलं असतं तर दोघींचं काय झालं असतं?

१९६५ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत भयंकर हिमवादळ झालं, निघालेल्यांतले मोजकेच शेवटपर्यंत टिकले, आणि पॅट त्यात तिसरी आली. १९६९ मध्ये मुलगी झाली, सूझी. त्यानंतरही पॅट अधूनमधून चालवत राहिली. १९७२ ला मॉन्टे कार्लोत दहावी आली, म्हणजे घरात लहान पोर असताना. १९७४ मध्ये मात्र थांबली आणि पुन्हा घोड्यांकडे वळली. सूझीही घोडेस्वारच झाली.

पॅट १४ ऑक्टोबर २००८ ला कॅन्सरने गेली, वय ७३. तिच्यामागे एरिक २०१५ मध्ये आणि भाऊ स्टर्लिंग २०२० मध्ये गेला.

आता हे सगळं मी का सांगते आहे? आमच्या बचत गटात एक सून आहे, बारावी झालेली. नाव सांगत नाही. घरात पिकअप टेम्पो आहे, दूध-भाजी जामखेडला न्यायला. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं निघाल्यापासून टेम्पो दारात उभा, हप्ते चालू. ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार परवडत नाही. ती म्हणते मी शिकते. सासूबाई म्हणतात रस्ता कच्चा आहे, लोक काय म्हणतील. रस्ता कच्चा आहे हे खरंच आहे. लोक म्हणतील हेही खरं आहे, माझा गुडघा साक्षीला आहे.

त्यांच्या ओट्यावर बसून मी सासूबाईंना पॅटची गोष्ट सांगितली. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. रॅली, चषक, इंग्लंड यातलं त्यांना फारसं काही लागलं नाही. पण ॲनपाशी त्या थांबल्या. शेजारी बाई बसायची का, असं दोनदा विचारून घेतलं. मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाल्या की सून चालवणार असेल तर पहिले दोन महिने शेजारच्या सीटवर त्या स्वतः बसतील, खड्डे त्यांना सगळे पाठ आहेत.

शिकाऊ लायसन्स आलंय. रविवारी सकाळी सात वाजता, रहदारी सुरू व्हायच्या आत, दोघी माळावर टेम्पो काढणार आहेत. मलाही बोलावलंय, पण मागे उभं राहून बघायला. टेम्पोत जागा दोघींचीच आहे.