दरमहा साडेअकरा पौंड

महाडीबीटीवर अर्ज भरलाय, उत्पन्नाचा दाखला अपलोड केलाय आणि स्टेटस काही जागचं हलत नाहीये. हे टेन्शन तुमच्यापैकी अनेकांना नवं नाही. पैसे कधी येणार, आले तर पुढच्या वर्षी टिकणार का, नाही टिकले तर काय, हे प्रश्न घेऊन शिकलेल्या एका विद्यार्थ्याचा फोटो तुमच्या कॉलेजातही असेल. सूट, टाय, चष्मा आणि हातात पुस्तक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्यांच्या डिग्र्यांची यादी आपल्याला पाठ असते. त्या डिग्र्यांसाठी पैसे कुठून आले, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज तेच बघू या.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झालेले, मुंबईत चाळीतलं घर, मोठं कुटुंब. एल्फिन्स्टन कॉलेजात गेल्यावर पैशांचं गणित जमेना. तेव्हा कृष्णराव केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्या जोरावर ते बी.ए. झाले.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानाने काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात पाठवायचं ठरवलं. भीमरावांची निवड झाली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. पण फुकट काही नव्हतं. ४ जून १९१३ ला त्यांनी एका करारावर सही केली. शिक्षण संपलं की १० वर्षं संस्थानाची नोकरी करायची, अशी अट होती. आज तुम्ही बाँड म्हणता ना, तसंच हे.

वय २२. न्यूयॉर्क शहर. खिशात मोजके पैसे, त्यातलेच घरी पाठवायचे. सिनेमा, हॉटेलं सगळं बाजूला ठेवून या पोराने पैसे घातले जुन्या पुस्तकांत. १९१५ मध्ये एम.ए. झालं. पुढच्या वर्षी डॉक्टरेटचा प्रबंधही तयार होता.

पण त्यांना लंडनला जाऊन अर्थशास्त्र आणखी खोलात शिकायचं होतं. त्यासाठी जागा एकच, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. ऑक्टोबर १९१६ मध्ये तिथे प्रवेश घेतला, बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही नाव घातलं. इथेच गाडी अडली. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतायची वेळ आली.

आता नीट बघा त्यांनी काय केलं. परतण्याआधी कॉलेजकडून परवानगी मिळवली, की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. पैसे संपले होते, जागा मात्र त्यांनी सोडली नाही. तुमच्यावर कधी वर्ष सोडायची वेळ आली, तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

महायुद्ध चालू होतं. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तकं पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. ते स्वतः मुंबईला पोचले आणि करारातला शब्द पाळायला बडोद्याला गेले. तिथे काय वाट्याला आलं, हे तुम्ही ऐकलं असेल. ऑफिसात शिपाई लांबून टेबलावर फायली फेकायचे, प्यायला पाणी मिळत नव्हतं, राहायला घर मिळत नव्हतं. पारशी खानावळीतूनही हाकलून दिल्यावर ते एका बागेत झाडाखाली बसून रडले. परदेशात शिकून आलेला माणूस, पण जात आधी दिसली. काही दिवसांतच त्यांना मुंबई गाठावी लागली. शिष्यवृत्तीने कॉलेजचा दरवाजा उघडला होता. घराचा आणि ऑफिसचा दरवाजा उघडणं तिच्या हातात नव्हतं.

मग पैसे उभे कसे केले? नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार महिना ४५० रुपये. तेव्हा ही रक्कम मोठी होती, तरी घर काटकसरीनेच चालायचं. सगळ्यात जास्त झळ सोसली रमाबाईंनी. पगारातली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातला मित्र नवल भथेना याच्याकडून घेतलेलं ५००० रुपये कर्ज, अशी जुळवाजुळव करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. चार वर्षांची मुदत संपायच्या आत.

लंडनमध्ये दिवसभर लायब्ररी, दुपारचं जेवण बऱ्याचदा नाहीच, बसचे पैसे वाचवायला पायपीट. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी बदल करायला सांगून परत केला. तोवर पैसे पुन्हा संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध दुरुस्त केला, लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली.

कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आला. बडोद्यात इतकं सोसूनही ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं सयाजीराव महाराजांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल. माणसाचे उपकार आणि व्यवस्थेचा अन्याय यांची त्यांनी सरमिसळ केली नाही.

पण एखाद्या राजाच्या मर्जीवर किती मुलं शिकणार? १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैसे मागितले, परदेशी शिक्षणासाठीसुद्धा. १९४४ मध्ये केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. हो, तीच, जिचा अर्ज आज आपल्या राज्यात महाडीबीटीवर भरला जातो.

म्हणून तो अर्ज भरताना कमीपणा वाटून घेऊ नका. ती कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. अटी नीट वाचा, तारीख चुकवू नका, कागदांच्या प्रती जपून ठेवा. आणि पैसे अडले तर कॉलेज सोडण्याआधी एकदा ऑफिसात जाऊन विचारा, माझी जागा किती दिवस राहील?