सत्यजित राय : काय गाळले, काय राखले

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात ‘पथेर पांचाली’ हा बंगाली चित्रपट दाखवण्यात आला. तोपर्यंत सत्यजित राय हे नाव मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते, तेवढेच. चित्रपट संपला तेव्हा शेजारच्या मैत्रिणीशी मला बोलता येईना. पडद्यावरची ती कमरेत वाकलेली, फाटक्या वस्त्रातली म्हातारी, इंदिर ठाकरुण, थेट माझ्या आजीसारखी दिसत होती. पुढे ग्रंथालयातून विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या मूळ कादंबरीचा हिंदी अनुवाद आणला आणि चकित झाले. कादंबरीत ही म्हातारी पहिल्याच भागात मरते! अपू तेव्हा अगदी तान्हा असतो. मग चित्रपटात ती इतका वेळ कशी? या एका प्रश्नामुळे मी राय यांच्या चरित्राकडे वळले.

राय यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कलकत्त्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर आणि वडील सुकुमार, दोघेही बंगालच्या बालसाहित्यातील थोर लेखक. घरचा छापखाना होता. परंतु सत्यजित अडीच वर्षांचे असताना वडील वारले, काही वर्षांत छापखाना बुडाला, आणि आईला मुलाला घेऊन भावाच्या आश्रयाला जावे लागले. प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर आईच्या इच्छेखातर ते शांतिनिकेतनात चित्रकला शिकायला गेले. शहरात वाढलेल्या या तरुणाने खेडे डोळे भरून पाहिले ते तिथेच. १९४३ मध्ये ते एका जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून नोकरीला लागले. पगार महिना ८० रुपये.

याच सुमारास ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. तिचे नाव ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. या संक्षिप्त आवृत्तीतून चांगला चित्रपट होईल, असे प्रकाशकांनीच त्यांना सुचवले होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एवढ्या विस्तृत कादंबरीतून काय सोडले तरी कथा जिवंत राहते, याचा पहिला धडा राय यांना चित्रे काढता काढता मिळाला. १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवले. तिथे त्यांनी सहा महिन्यांत शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांपैकी ‘बायसिकल थीव्हज्’ पाहून त्यांचा निश्चय झाला की आपला चित्रपट खऱ्या गावात आणि बहुतेक नवख्या माणसांना घेऊन करायचा. परतीच्या बोटीवरच त्यांनी टिपणे काढायला सुरुवात केली.

आता मूळ प्रश्न. ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. तिचे तीन भाग आहेत. त्यात गावातली असंख्य माणसे, जुन्या आख्यायिका, झाडेझुडपे, अपूच्या मनातले विचार असे सारे संथपणे येते. चित्रपटाला मात्र जेमतेम दोन तास! राय यांनी पहिला मोठा निर्णय घेतला तो शेवटाचा. अपूचे कुटुंब बैलगाडीतून गाव सोडते, तिथेच त्यांनी चित्रपट थांबवला. काशीतले दिवस, तिथे झालेला वडिलांचा मृत्यू, आईने श्रीमंतांच्या घरी केलेला स्वयंपाक हा तिसरा भाग त्यांनी बाजूला ठेवला. फेकून मात्र दिला नाही. काशीची कथा पुढे १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटात आली, आणि त्याला १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

दुसरा निर्णय इंदिर ठाकरुणचा. कथा आखडती घ्यायची तर लवकर मरणारी म्हातारी गाळणे सर्वांत सोपे होते. राय यांनी उलट केले. त्यांनी तिचे आयुष्य वाढवले. कादंबरीत अपू आणि दुर्गा रेल्वे शोधायला निघतात, पण त्यांना गाडी दिसत नाही, आणि तोवर म्हातारी जाऊन काही वर्षे लोटलेली असतात. चित्रपटात दोघे काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावतात, अपूला गाडी दिसते, आणि परत येताना बांबूच्या बनात बसलेली म्हातारी त्यांना मेलेली सापडते. दूरदूरच्या दोन गोष्टी एका दिवसात आल्या. मधली पाने गळली, पण त्यांतले दुःख गळले नाही.

पैशाची कथा तर सर्वश्रुत आहे. निर्माते मिळेनात. राय यांनी विम्यावर कर्ज काढले, पत्नीचे दागिने गहाण टाकले. ऑक्टोबर १९५२ मध्ये चित्रीकरण सुरू झाले. पुढच्या खेपेला जाऊन पाहतात तो काशाचे तुरे गुरांनी खाऊन टाकलेले! त्या दृश्यासाठी पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावे लागले. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. नावात ‘पथ’ असल्यामुळे तो खर्च रस्तासुधारणेच्या खात्यावर पडला, असे सांगतात. पण सरकारी बाजूने शेवट बदलण्याची सूचनाही आली. कुटुंब गावातच राहावे, गावाचे भले व्हावे, असे काही हवे होते. राय यांनी ते मानले नाही. चित्रपट ऑगस्ट १९५५ मध्ये कलकत्त्यात लागला. त्या वर्षीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. हेच पदक आपल्या ‘श्यामची आई’ला सर्वांत आधी मिळाले होते. २३ एप्रिल १९९२ रोजी राय यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न देण्यात आले. मधल्या काळात, राय आपले दारिद्र्य परदेशात दाखवतात, असा आक्षेप १९८० मध्ये राज्यसभेच्या एका सदस्येनेही घेतला होता.

हे वाचून मी थोडी खजील झाले. प्रथम वर्षाला परिचयाच्या तासाला मी वडील शेतकरी आणि आई गृहिणी असे सांगितले होते. आमची जमीन पाऊण एकर. आई रोज दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, तेव्हा माझी फी भरली जाते. मीही माझ्या गोष्टीतून नेमके तेच गाळले होते, ज्यावाचून ती गोष्ट उभीच राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हा चित्रपट आजीला मोबाइलवर दाखवला. भाषा कळत नव्हती, तरी ती हलली नाही. एका प्रसंगात थकून आलेली म्हातारी पाणी मागते आणि सर्वजया बसल्या जागेवरून उठत नाही. आजीने विचारले, त्या बाईने हिला पाणी का दिले नाही? मी उत्तर शोधत होते. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आईने मान वर केली नाही, पण थोड्या वेळाने हात धुऊन ती उठली आणि आजीजवळ पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

राय यांनी ती म्हातारी गाळली असती, तर आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

(द्वितीय वर्ष, कला)