झेवियर : एका घराचे नाव

आपल्या मंडळीत किंवा नात्यात झेवियर नावाचा एखादा गृहस्थ असेलच. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवले जाणारे हे नाव पवित्र शास्त्रात शोधू जाल तर सापडणार नाही. मुळात ते माणसाचे नावच नव्हे. बास्क भाषेत ‘एत्शे’ म्हणजे घर व ‘बेर्री’ म्हणजे नवे. ‘नवे घर’ या अर्थाच्या शब्दाचे हे झिजलेले रूप होय. नवार राज्यातील त्या नावाच्या गढीत ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिस यांचा जन्म झाला. ते दहा वर्षांचे असताना, नवार जिंकणाऱ्या कॅस्टिलच्या हुकमाने गढीचे तट व बुरूज पाडण्यात आले.

पॅरिसमध्ये त्यांना इग्नेशियस लोयोला भेटले, आणि विद्वत्तेची हौस मागे पडली. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. तामिळ किनाऱ्यावरील परवर कोळ्यांसाठी त्यांनी दुभाष्यांकरवी प्रार्थना तामिळीत करवून घेतल्या व स्वतः पाठ केल्या. १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी करणारेही हेच, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनी झाकू नये.

मला मात्र त्यांची जपानमधील हकिगत अधिक अस्वस्थ करते. १५४९ मध्ये ते कागोशिमा येथे पोहोचले. सोबत आंजिरो नावाचा जपानी ख्रिस्ती होता. त्याने देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द सुचवला. बौद्ध भिक्षूंनी मोठ्या प्रेमाने स्वागत केले, कारण दाइनिची हे शिंगोन पंथाच्या महाबुद्धाचे नाव! आपण कोणाची घोषणा करीत होतो, हे फ्रान्सिस यांना सुमारे दोन वर्षांनी उमगले. त्यांनी तो शब्द तत्काळ टाकला आणि लॅटिन ‘देउस’ स्वीकारला. भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्या आम्हां लोकांना ही भीती रोजची आहे. परका शब्द घ्यावा तर कोणास कळत नाही. ओळखीचा घ्यावा तर तो आपला जुना अर्थ बरोबर घेऊन येतो. चूक कळताच, लोक हसतील याची पर्वा न करता शब्द मागे घेणे सोपे नव्हते.

चीनच्या दाराशी, शांगच्वान बेटावर नावेची वाट पाहत ३ डिसेंबर १५५२ रोजी ते वारले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि आईबाप आपल्या मुलांना त्या गढीचे नाव ठेवू लागले. स्पेनमध्ये त्याचा हाविएर झाला, आपल्याकडे झेवियर. गोव्यात, जेथे त्यांचा देह आहे, तेथे लोक त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात.