वाळवंटातील लोहमार्ग आणि मासाईंची कुरणे : सर पर्सी जिरुआर

सुदानच्या नकाशावर वादी हल्फापासून अबू हमदपर्यंत एक जवळजवळ सरळ रेघ दिसते. नाईल नदीचे मोठे वळण टाळून, नुबियाच्या निर्जल वाळवंटातून जाणारा तो लोहमार्ग ज्यांनी बांधला, त्या सर पर्सी जिरुआर यांचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहोत.

२६ जानेवारी १८६७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी त्यांचा जन्म झाला. वडील फ्रेंच वंशाचे कायदेपंडित, आई आयरिश. किंग्स्टनच्या लष्करी महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतल्यावर कॅनडियन पॅसिफिक रेल्वेत दोन वर्षे काम करून ते ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलात दाखल झाले.

सुदान जिंकण्यास निघालेल्या किचनर (पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले तेच) यांनी त्यांच्यावर हे काम सोपविले. जाणत्यांनी ते अशक्य ठरविले होते. १ जानेवारी १८९७ रोजी प्रारंभ झाला आणि ३१ ऑक्टोबरला सुमारे ३७० किलोमीटरचा मार्ग अबू हमदला पोहोचला. रूळ टाकणाऱ्यांसाठी पाणीही गाडीनेच न्यावे लागे. सुदैवाने वाटेत दोन ठिकाणी विहिरींना पाणी लागले. मधल्या स्थानकांना नावे देण्याजोगी वस्तीच नसल्याने त्यांना नुसते क्रमांक देण्यात आले. ऐन तिशीतल्या माणसाचे हे कर्तृत्व थक्क करणारे आहे. मात्र ही वाट युद्धासाठी होती आणि १८९८ साली ती ओमदुरमानच्या भीषण संहाराकडे गेली, हेही सांगितले पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेतील युद्धात रेल्वेचा कारभार सांभाळल्यावर १९०७ साली ते उत्तर नायजेरियाचे प्रशासक झाले. तेथे बारो ते कानो हा लोहमार्ग त्यांनी सुरू केला. पण त्याहून मोलाचे काम आम्हांस जमिनीचे वाटते. तेथील भूमी परक्यांच्या मालकीची होऊ नये, ती रयतेच्या उपयोगासाठी राखावी, असा आग्रह त्यांनी धरला व १९१० च्या कायद्याने तो मान्य झाला.

हेच गृहस्थ १९०९ साली पूर्व आफ्रिकेचे, म्हणजे आजच्या केनियाचे, गव्हर्नर झाले आणि सूर पालटला. मुंबई इलाख्यातून व गोव्यातून गेलेले अनेक बांधव तेव्हा नैरोबी-मोंबासात कारकुनी व व्यापार करीत होते. डोंगराळ प्रदेशातील सुपीक जमीन त्यांनाही मिळत नसे, ती गोऱ्यांसाठी राखीव होती. मासाई पशुपालकांना १९०४ च्या कराराने लायकिपियाची कुरणे कायमची देण्यात आली होती. जिरुआर यांनी १९११ साली नवा करार करवून त्यांना दक्षिणेकडे हलविण्याचा निर्णय घेतला. तेथील जमिनीची आश्वासने गोऱ्या वसाहतवाल्यांना आधीच दिली गेली होती. लंडनच्या वसाहत खात्यापासून ही गोष्ट लपविल्याचे उघड होताच १९१२ साली त्यांना पद सोडावे लागले. नायजेरियात ज्याने रयतेची जमीन राखली, त्यानेच येथे ती हिरावून घ्यावी! गोऱ्या वसाहतवाल्यांचा दबाव नायजेरियात नव्हता, येथे होता. आमच्या मते हा फरक कारण सांगतो, दोष धुऊन काढीत नाही.

पुढे त्यांनी आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ या शस्त्रास्त्र कंपनीत नोकरी केली, महायुद्धात काही काळ दारूगोळा पुरवठ्याचे काम पाहिले आणि २६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

मासाई मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९१३ साली दावा फेटाळला गेला : करार दोन सत्तांमधला असल्याने न्यायालयास त्यात लक्ष घालता येत नाही, असे कारण देण्यात आले. २००४ साली, पहिल्या कराराला शंभर वर्षे झाली तेव्हा, लायकिपियाच्या कुंपणांपाशी आपली गुरे घेऊन ते पुन्हा उभे राहिले.