विश्लेषण : बॅलेचा जाळीदार स्कर्ट आणि बालगंधर्वांची पैठणी… रंगमंचावरचा पोशाख रोजच्या वापरात कसा येतो?

बॅले नर्तकींच्या पोशाखावरून आलेला फुललेला, जाळीदार स्कर्ट सध्या रील्समध्ये सारखा दिसतो. सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात हे कापड नवीन नाही. दुकानात ते ‘नेट’ म्हणून मीटरवर मिळतं आणि लहान मुलींच्या वाढदिवसाच्या फ्रॉकला किंवा लग्नातल्या घागऱ्याला आतून ‘कॅन-कॅन’ म्हणून लागतं. प्रश्न असा की, कार्यक्रमाचं हे कापड कॉलेजला किंवा बाजारात जाताना घालायचं कसं? लोक नाटकात निघालोय म्हणतील त्याचं काय?

नाटकातला पोशाख घराबाहेर घालावा का, हा प्रश्न मराठी बायकांसमोर शंभर वर्षांपूर्वीही आला होता. त्यांच्यासमोरचा नमुना होता एका पुरुषाचा. त्यांचं नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

आधी थोडं जाळीबद्दल…

या कापडाला ‘ट्यूल’ हे नाव फ्रान्समधल्या ट्यूल या गावावरून मिळालं. बारीक षटकोनी छिद्रांची ही जाळी १९व्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रावर निघू लागली आणि स्वस्त झाली. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये ‘ला सिल्फिद’ या बॅलेत मारी तालिओनी पांढऱ्या, हलक्या, घंटेच्या आकाराच्या स्कर्टमध्ये नाचली आणि तोच पुढे बॅलेचा गणवेश ठरला. रोजच्या कपड्यांत तो यायला मात्र फार वेळ गेला. १९९८मध्ये सुरू झालेल्या ‘सेक्स अँड द सिटी’ या अमेरिकी मालिकेच्या सुरुवातीच्या दृश्यात नायिका जाळीचा आखूड स्कर्ट घालून भर रस्त्यातून चालते. वर साधा बनियनसारखा टॉप. त्या दृश्याची खरी युक्ती तो टॉप आहे.

बालगंधर्व कोण होते?

जन्म २६ जून १८८८. लहानपणीच गोड गळा. पुण्यात त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. १९०५मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. भास्करबुवा बखल्यांकडे त्यांची गायकी घडली.

त्या काळी संगीत नाटकांत स्त्रियांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करत. रंगमंचावर उभी राहणारी बाई ‘घरंदाज’ मानली जात नसे. त्यामुळे एक उलटीच गोष्ट घडली. नटीसारखं नटणं वाईट होतं, पण बालगंधर्वांच्या भामिनीसारखं, रुक्मिणीसारखं नटायला हरकत नव्हती. शेवटी तो सोज्वळ नायिकेचा पोशाख होता आणि तो घालणारा पुरुष होता! सजण्याची हौस बायकांना आधीपासून होतीच, तिला आता आडून का होईना परवानगी मिळाली.

१२ मार्च १९११ : मानापमान

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ मुंबईत पहिल्यांदा उभं राहिलं, ती तारीखही १२ मार्चच. वर्ष १९११. हा निव्वळ योगायोग, पण वाचून थबकायला होतं. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती. प्रयोग मात्र रद्द झाला नाही. ते भामिनीच्या साजात उभे राहिले आणि गायले. या प्रसंगाकडे आपल्याकडे कलेवरची निष्ठा म्हणून पाहिलं जातं. तिकिटं विकली गेलेली असताना आणि अख्खी मंडळी त्या प्रयोगावर अवलंबून असताना नटाला नाही म्हणण्याची मोकळीक किती होती, हेही विचारायला हवं.

१९१३मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी तर घराघरात पोहोचली.

बायकांनी नेमकं काय उचललं?

भरजरी पैठणी, शालू, नथ, खोपा, त्यावर गजरा, झालरीचं पोलकं. रंगमंचावर हे सगळं एकाच वेळी अंगावर असे. पुण्या-मुंबईतल्या सुखवस्तू घरांतल्या बायकांनी ते जसंच्या तसं उचललं नाही. कुणी पदर घेण्याची ढब घेतली, कुणी केसांची रचना, कुणी नुसता गजरा. बाकी सगळं आपलं रोजचंच. नाटकातली एक वस्तू आणि घरातल्या चार, असं ते प्रमाण होतं. म्हणून ते सोंग वाटलं नाही.

रोजच्या नेटच्या स्कर्टलाही हाच हिशेब लागू पडतो. स्कर्ट फुललेला असेल तर वरचा शर्ट किंवा आखूड कुर्ता साधा, सुती आणि अंगाबरोबरचा हवा. पायात कोल्हापुरी चालेल, चमकी नको. कॅन-कॅनची कडक जाळी रोजच्यासाठी नाहीच; मऊ नेटचे दोन थर आणि आतून सुती अस्तर पुरतं. परभणीच्या उन्हाळ्यात सिंथेटिक अस्तर अंगाला चिकटतं, हे शिंप्याला आधीच सांगावं. लांबी पोटरीपर्यंतच ठेवावी, कारण दुचाकीवर मागे बसल्यावर ही जाळी चाकात जायला वेळ लागत नाही. चुलीजवळ, गॅसजवळ तर ती घालूच नये. नायलॉन-पॉलिस्टरची नेट वितळून कातडीला चिकटते. १८६२मध्ये तालिओनीचीच शिष्या एमा लिव्री हिचा स्कर्ट पॅरिसमध्ये तालमीच्या वेळी दिव्याने पेटला आणि पुढच्या वर्षी तिचा मृत्यू झाला.

या पोशाखाची किंमत कुणी मोजली?

बालगंधर्वांना रंगमंचावर खोटं काही चालत नसे. वस्त्रं उंची, दागिने भारी, अत्तरं महागडी. १९२०च्या ‘द्रौपदी’वर तर मंडळीने प्रचंड पैसा ओतला. आज एखाद्या कंपनीने हे केलं असतं तर त्याला ब्रँड उभारणी म्हटलं असतं. तेव्हा त्यातून उभं राहिलं ते कर्ज, आणि ते लाखाच्या पुढे गेलं. त्यांनी दिवाळखोरीची वाट धरली नाही. पुढची काही वर्षं प्रयोगामागून प्रयोग करून ते फेडलं.

याच काळात, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. टिळक स्वराज्य फंडासाठीच्या या प्रयोगात ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी.

त्याआधी १९१९मध्ये राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त त्यांनी दारुड्याची बायको सिंधू केली. इथे ना पैठणी, ना नथ. ठिगळाच्या लुगड्यातली सिंधू पाहून प्रेक्षक रडले. बालगंधर्वांचं यश फक्त कपड्यांचं होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी ही भूमिका पुरेशी आहे.

पैठणी उतरवल्यावर काय झालं?

बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. १९३३मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. काळ कुठे चालला आहे, हे स्पष्ट होतं. १९३५मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांना संत एकनाथ केलं. ज्या पैठणच्या वस्त्रात महाराष्ट्राने त्यांना पाहिलं, त्याच पैठणच्या संताची ही भूमिका. परभणी जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी पैठणवरूनच खाली येते, त्यामुळे नाथ आपल्याकडे घरचेच. पण बालगंधर्वांना पुरुषाच्या वेशात पाहायची प्रेक्षकांना सवयच नव्हती. ते पुन्हा स्त्रीभूमिकांकडे वळले आणि वय उलटून गेल्यावरही त्या करत राहिले.

उतारवयात त्यांचे पाय अधू झाले. गायिका-अभिनेत्री गोहर कर्नाटकी यांनी त्या काळात त्यांना साथ दिली. समाजाने या नात्याकडे बराच काळ वाकड्या नजरेने पाहिलं. १९६४मध्ये पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२मध्ये त्यांच्याच हस्ते बसवली गेली होती. उद्घाटन झालं २६ जून १९६८ला, त्यांच्या जन्मतारखेला. ते पाहायला ते नव्हते. २०११मध्ये रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे त्या साजात दिसले. त्या चित्रपटातल्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.